‘खासगी मैफल, साल अंदाजे’ : हिंदुस्थानी संगीतातील हौशी ध्वनिमुद्रणे आणि इतिहासाची साधने

प्रस्तावना

हिंदुस्थानी ख्यालगायकीच्या इतिहासकारापुढे एक विलक्षण अडचण असते. त्याच्या अभ्यासाचा विषय गाण्याबरोबरच नाहीसा होणारा आहे. भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) यांच्या आवाजाची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात होते. भारतात ध्वनिमुद्रण सुरू होऊन तोवर चार दशके उलटून गेली होती, तरीही त्यांचे गाणे यंत्रात उतरलेले नाही. त्यांच्या गायकीविषयी जे काही सांगता येते ते गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या जाणकारांच्या लेखनावरून, खाँसाहेबांनी नातवाला सांगितलेल्या आठवणींवरून आणि शिष्यांच्या गळ्यावरून. शिष्याच्या गळ्यावरून गुरूचे गाणे ताडणे म्हणजे नातवाच्या चेहऱ्यावरून आजोबांचे चित्र काढण्यासारखे आहे. साम्य सापडते, पण खात्री देता येत नाही.

याउलट त्यानंतरच्या पिढीतील गायकांविषयी अभ्यासक बरेच ठामपणे बोलू शकतो. याचे श्रेय सहसा ध्वनिमुद्रिका कंपन्यांना व आकाशवाणीला दिले जाते, आणि काही अंशी ते योग्यही आहे. परंतु १९५० नंतरच्या ख्यालगायनाच्या पुराव्याचा फार मोठा भाग या दोहोंबाहेरचा आहे. तो श्रोत्यांनी केलेला आहे. मैफलीच्या पहिल्या रांगेत यंत्र घेऊन बसणारे डॉक्टर, वकील, बँकेतील कर्मचारी, कारखानदार आणि प्राध्यापक यांनी तो पुरावा हौसेने गोळा केला आणि एकमेकांत वाटून घेतला. त्यातील काही भाग गायकांच्या संमतीने जमला, काही त्यांच्या नकळत, तर काही त्यांच्या स्पष्ट नकाराला न जुमानता. प्रस्तुत निबंधात या हौशी ध्वनिमुद्रणांचा इतिहास, त्यांची पुरावा म्हणून असलेली योग्यता आणि त्यांच्या मालकीचा न सुटलेला प्रश्न यांचा विचार केला आहे.

तीन मिनिटांचा ख्याल

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. तेव्हापासून जवळजवळ अर्धशतक हिंदुस्थानी संगीत तबकडीच्या एका बाजूवर मावेल तेवढेच जतन होत राहिले. हा अवधी साधारण तीन मिनिटांचा, मोठ्या तबकडीवर थोडा अधिक. विलंबित एकतालाचे एक आवर्तन पाऊण ते एक मिनिट चालते हे लक्षात घेतले, तर तबकडीवर विलंबित ख्याल का आढळत नाही हे निराळे सांगावे लागत नाही. तीन-चार आवर्तनांत स्थायी भरून होते न होते तोच सुई कडेला येते. म्हणून गायकांनी तबकडीसाठी एक वेगळाच घाट तयार केला. चीज मध्य किंवा द्रुत लयीत घ्यायची, आलाप दोन-चार स्वरवाक्यांत आटोपायचा, आणि तानांनी शेवट करायचा. अब्दुल करीमखाँ यांच्या तबकड्या या मर्यादेतही अजरामर ठरल्या ही त्यांची थोरवी. पण त्या तबकड्या म्हणजे खाँसाहेबांची मैफल नव्हे. राग कसा उलगडत जातो, बढतीचा क्रम कोणता, कोणत्या स्वरावर गायक किती रेंगाळतो, एका मैफलीत रागांची मांडणी कशी असते, यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर तबकडी देत नाही.

दीर्घ तबकडी आली तेव्हा एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. तथापि ती कोणाला मिळायची हे कंपनी ठरवीत असे. अमीरखाँ (१९१२-१९७४) हे विलंबित ख्यालाच्या इतिहासातील निर्णायक नाव. तरी त्यांच्या हयातीत निघालेल्या दीर्घ तबकड्या बोटांवर मोजता येतील इतक्याच आहेत. त्यांनी गायलेल्या रागांपैकी अनेक राग आज केवळ आकाशवाणीच्या आणि खासगी मैफलींच्या फितींवरून परिचित आहेत.

आकाशवाणीने १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि दीर्घ गायन घरोघरी पोहोचले. पण प्रसारण एकदा झाले की श्रोत्याच्या हाती काही उरत नसे, आणि आकाशवाणीच्या संग्रहापर्यंत सामान्य अभ्यासकाची पोच नव्हती. रेडिओला ध्वनिमुद्रक जोडून कार्यक्रम उतरवून घेणे ही हौशी ध्वनिमुद्रणाची एक स्वतंत्र शाखाच झाली. आजच्या खासगी संग्रहांतील पुष्कळशा फिती याच वर्गातील आहेत.

यंत्र मैफलीत येते

जलशाचे गाणे श्रोत्याने किंवा कर्मचाऱ्याने हौसेखातर टिपण्याची कल्पना भारतीय नाही, आणि ती ध्वनिफितीपेक्षाही जुनी आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायनेल मेपलसन यांनी १९०१ ते १९०३ या काळात एडिसनच्या घरगुती फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यांवर, रंगमंचावर चाललेल्या ऑपेरांचे तुकडे टिपले. सुरुवातीला ते सूचकाच्या कोनाड्यात यंत्र ठेवीत, पुढे ते रंगमंचाच्या वरच्या अरुंद पुलावरून मुद्रण करू लागले. एकेक तुकडा दोन-तीन मिनिटांचा, खरखरीने भरलेला. पण ज्याँ द रेझ्के या त्या काळच्या सर्वश्रेष्ठ मानल्या गेलेल्या गायकाचा आवाज आज ऐकायचा तर याच नळकांड्यांवर. आपल्याकडे भास्करबुवांना किंवा अल्लादियाखाँना असा मेपलसन भेटला नाही.

चुंबकीय फितीचे यंत्र जर्मनीत १९३५ मध्ये जगासमोर आले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते अमेरिकेत व अन्य देशांत पसरले. भारतात ते श्रीमंतांच्या घरी प्रथम आले. आयातीवर निर्बंध होते, त्यामुळे परदेशी गेलेल्या आप्तेष्टाकडून यंत्र मागवणे हा अनेकांचा राजमार्ग होता. ग्रुंडिग, फिलिप्स, आकाई, ऊहेर ही नावे त्या पिढीच्या रसिकांना घराण्यांच्या नावांइतकीच पाठ होती. स्पूल महाग असे. सात इंची स्पूलवर बाराशे फूट फीत बसते. सेकंदाला साडेसात इंच या चांगल्या वेगाने ती अवघी बत्तीस मिनिटे चाले, तर निम्म्या वेगाने चौसष्ट मिनिटे, मात्र तारसप्तकाची झळाळी कमी होई. म्हणजे ध्वनीचा दर्जा हवा की संपूर्ण राग, हा निर्णय मैफल सुरू होण्यापूर्वी खिशाकडे पाहून घ्यावा लागे. बहुतेकांनी राग निवडला. आज त्या फिती ऐकताना आवाज झाकोळलेला वाटतो तो पुष्कळदा या काटकसरीमुळे.

मुंबईतील गिरगावचे लक्ष्मीबाग सभागृह, उपनगरांतील संगीत मंडळे, कोल्हापूरचा देवल क्लब, १९५३ पासून पुण्यात भरू लागलेला सवाई गंधर्व महोत्सव, आणि या सर्वांहून अधिक म्हणजे रसिकांच्या दिवाणखान्यांतील बैठका, अशा ठिकाणी ख्यालगायकी पोसली जात होती. दिवाणखान्यातील बैठकीत ध्वनिमुद्रक हा हळूहळू तबकातल्या विड्यासारखा अपेक्षित झाला. यजमानाचे यंत्र असले तर गायकाची मूक संमती गृहीत धरली जाई. पाहुण्याचे असले तर विचारावे लागे. सार्वजनिक महोत्सवात विचारण्याची सोयच नव्हती, मग पिशवीतले यंत्र शालीखाली जाई.

फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट बाजारात आणली. ती भारतात सामान्यांच्या हाती येण्यास आणखी दशकभर लागले. पण आल्यावर मात्र तिने हा उद्योग धनिकांच्या हातून काढून मध्यमवर्गाच्या हाती दिला. उत्तर भारतातील कॅसेटच्या प्रसारावर पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सर्वज्ञात आहे. त्याचा भर लोकप्रिय संगीतावर आणि बाजारपेठेवर आहे. शास्त्रीय संगीताच्या हौशी मुद्रणांची कॅसेट बाजारात गेलीच नाही, म्हणून ती अशा अभ्यासांच्या नजरेतून बहुधा सुटते.

देवघेवीची रीत

या मुद्रणांची देवाणघेवाण लिखित नियमांशिवाय चाले, पण नियम कडक होते. पहिला म्हणजे विक्री नाही. फितीचे मोल दुसऱ्या फितीनेच करायचे. कुमार गंधर्वांची एखादी बैठक हवी असेल तर तशाच तोलाची मोगूबाई कुर्डीकर किंवा मल्लिकार्जुन मन्सूर यांची बैठक द्यावी लागे. दुसरा नियम असा की, ज्याने दिले त्याला विचारल्याशिवाय पुढे द्यायचे नाही. हा नियम जितक्या निष्ठेने सांगितला जाई तितक्याच नियमितपणे मोडला जाई, आणि तो मोडला गेला म्हणूनच कित्येक मैफली टिकल्या हे मान्य करावे लागते. ज्यांनी तो काटेकोर पाळला त्यांच्या कपाटातील फिती त्यांच्याबरोबरच संपल्या.

अमेरिकेत ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाच्या श्रोत्यांमध्येही विक्री न करता अदलाबदल करण्याची हीच रीत रूढ झाली होती. त्या वृंदाने १९८४ च्या ऑक्टोबरात बर्कली येथील कार्यक्रमापासून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी सभागृहात स्वतंत्र जागाच राखून ठेवली. आपल्याकडे असा उघड करार झाला नाही. येथे व्यवहार ओळखीवर आणि भिडेवर चालला, आणि भिडेचा व्यवहार नेहमीच दुबळ्या पक्षाला महाग पडतो. दुबळा पक्ष कोण, हे मात्र प्रसंगानुसार बदलत असे. मानधन ठरवताना संकोचणारा कलावंत यजमानाच्या यंत्राला नाही म्हणू शकत नसे. नामांकित गायकापुढे तरुण संग्राहकाची मात्र बोलण्याची छाती होत नसे.

या वाटपाचा सर्वांत मोठा लाभ विद्यार्थ्यांना झाला. धारवाडच्या गायकाचे गाणे नागपूरच्या शिष्याला, गोव्यातील बैठक इंदूरच्या अभ्यासकाला घरबसल्या ऐकता येऊ लागली. पूर्वी दाराआडून ऐकून चीज ‘उचलणारे’ असत, आता तीच चीज पन्नास वेळा उलटी-सुलटी फिरवून घेता येई. घराण्यांच्या सीमा १९७० नंतर झपाट्याने पुसट झाल्या, त्यामागे महोत्सव आणि आकाशवाणी यांच्या जोडीला ही घरगुती फीत होती असे मानण्यास आधार आहे. आपल्या गुरूव्यतिरिक्त इतर कोणाकोणाचे ‘ऐकून’ गायकी घडवली हे सांगणाऱ्या कलावंतांच्या मुलाखतींत फितींचा उल्लेख वारंवार येतो.

नकार

कलावंतांचा विरोध हा मत्सर किंवा कंजुषी म्हणून सोडून देता येत नाही. केसरबाई केरकर (१८९२-१९७७) यांचा यंत्राविषयीचा तिटकारा सर्वश्रुत आहे. मोजक्या तबकड्या त्यांनी दिल्या, पण मैफलीचे मुद्रण होऊ न देण्याबाबत त्या दक्ष असत. गंमत अशी की त्यांच्याच भैरवीची एक छोटी तबकडी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरील सुवर्णतबकडीत समाविष्ट झाली आणि यंत्राला दूर ठेवणाऱ्या या गायिकेचा आवाज यंत्रानेच सूर्यमालेच्या पलीकडे नेला. मात्र ती साडेतीन मिनिटांचीच भैरवी आहे. केसरबाईंचा संथ लयीतला, दमसासाने भरलेला ख्याल ज्यात ऐकू येतो ती मुद्रणे खासगी आहेत. त्यांची इच्छा काटेकोर पाळली गेली असती तर ती नसती.

नकारामागची कारणे तीन प्रकारची दिसतात. एक आर्थिक. गाणे ही उपजीविका असलेल्या माणसाला एका बैठकीच्या मानधनात शंभर घरांत कायमचे गाणे द्यावे लागत होते. दुसरे विद्येचे. अनवट राग आणि अस्सल बंदिशी हे घराण्याचे धन, ते गंडाबंध शिष्यालाही जपून दिले जाई. फीत ते धन कोणालाही देत होती. तिसरे कारण कलेच्या स्वरूपातच आहे, आणि तेच सर्वांत वजनदार आहे. ख्याल हा त्या क्षणी घडतो. गायक चाचपडतो, एखादी जागा हुकते, पुन्हा तिच्याकडे येतो, आणि कधी ती चूकच नव्या वाटेचे दार ठरते. समोरच्या वीस जाणकारांपुढे हे धाडस करता येते. तेच चाचपडणे तीस वर्षांनी कोणी कात्रीत धरणार आहे ही जाणीव असली की गायक सावध होतो. ध्वनिमुद्रणाने मैफल जतन केली हे खरे, पण तिने मैफलीला थोडेसे घाबरटही केले काय, हा प्रश्न संगीतशास्त्रज्ञांनी अद्याप पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही.

कायद्याची बाजू

१९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात गायकाच्या सादरीकरणाला काहीही संरक्षण नव्हते. बंदिशीच्या रचयित्याला हक्क होता, ध्वनिमुद्रणाच्या कर्त्याला होता. गाणाऱ्याला नव्हता. अभिनेत्याच्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाने फॉर्च्यून फिल्म्स विरुद्ध देव आनंद या १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात सादरीकरण हे कायद्याच्या अर्थाने ‘कृती’ नाही असेच मत दिले. मूळ कायद्यात ज्याच्या मालकीची मूळ मुद्रिका तोच ध्वनिमुद्रणाचा कर्ता मानला जाई. अक्षरशः अर्थ घेतला तर शालीखाली यंत्र लपवणारा श्रोता हा कर्ता ठरत होता आणि गाणारा कोणीच नव्हता. 

१९९४ च्या दुरुस्तीने हे चित्र बदलले. ही दुरुस्ती मे १९९५ मध्ये अमलात आली. जागतिक व्यापार कराराच्या वाटाघाटींत सादरकर्त्यांच्या हक्कांचा विषय होताच, त्या पार्श्वभूमीवर ती झाली. सादरकर्त्याला पंचवीस वर्षांचा हक्क मिळाला, तो १९९९ मध्ये पन्नास वर्षांपर्यंत वाढवण्यात आला आणि २०१२ मध्ये त्यात नैतिक हक्काची भर पडली. त्याच वेळी स्वतःच्या खासगी उपयोगासाठी, अथवा केवळ अध्यापन व संशोधन यांसाठी केलेल्या मुद्रणाला कायद्याने सूट दिली. म्हणजे करणे क्षम्य, वाटणे संशयास्पद. गेल्या अर्धशतकातील हौशी संग्रहांचे सगळे मोल वाटण्यातून निर्माण झालेले असताना ही रेघ नेमकी त्याच्या मध्यावरून जाते.

पुरावा म्हणून

हौशी फीत हे इतिहासाचे साधन मानायचे तर बखरीला लावतो तीच कसोटी तिला लावली पाहिजे. संग्राहकांच्या खोक्यांवर ‘खासगी मैफल, मुंबई, साल अंदाजे’ एवढीच नोंद पुष्कळदा आढळते. रागाचे नाव चुकलेले असते, साथीदारांची नावे क्वचितच असतात. प्रत काढताना नोंद गळते आणि नव्या मालकाच्या अंदाजाला पुढच्या प्रतीत वस्तुस्थितीचा दर्जा मिळतो. एकाच बैठकीच्या दोन प्रती दोन वेगळ्या सालांच्या म्हणून फिरतात.

वेगाची चूक त्याहून फसवी. यंत्राचा वेग सहा टक्क्यांनी वाढला तर पट्टी अर्ध्या स्वराने चढते. काळी एकमधले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते, आणि लयही तितकीच चढते. अशा प्रतीवरून एखाद्या गायिकेची पट्टी उतारवयात चढली असा निष्कर्ष काढणे किंवा विलंबित लयीची मोजमापे करणे धोक्याचे आहे. येथे मुद्रणातील दोषच उपयोगी पडतो. फितीत विजेच्या प्रवाहाची गुणगुण उतरलेली असेल तर ती मुळात सेकंदाला सुमारे पन्नास कंपनांची असते. आज ती त्रेपन्न भरली तर वेग किती चुकला हे समजते. मुख्य पुरवठ्याची वारंवारता त्या काळी स्थिर नसे, म्हणून हे मोजमाप ढोबळच. तरी संग्राहकाच्या आठवणीपेक्षा ते बरे.

निवडीचा दोष शोधणे अवघड आहे. डीन बेनेडेटी या अमेरिकन वादकाने १९४७-४८ मध्ये चार्ली पार्कर यांचे जॅझवादन टिपताना अनेकदा केवळ पार्कर यांचेच वादन घेतले आणि इतर वादकांच्या वेळी यंत्र थांबवले. फीत वाचवण्याच्या याच गरजेने आपल्याकडे तानपुरे जुळवणे, गायकाचे बोलणे, तबल्याची स्वतंत्र उठान गाळली गेली. कॅसेटची बाजू पंचेचाळीस मिनिटांनी संपते, आणि बाजू उलटताना गेलेली दहा-पंधरा सेकंदे नेमकी समेच्या अलीकडची असतात हा सर्वच संग्राहकांचा अनुभव. अनुभवी माणसे द्रुत चीज सुरू होण्यापूर्वीच बाजू पालटून घेत.

आणि तरीही या फितींत जे आहे ते अन्यत्र कोठेही नाही. कोणत्या जागेला दाद आली, कोणती निःशब्द गेली. कोणी कोणत्या रागाची फर्माईश केली आणि गायकाने ती कशी टाळली. चीज सुरू करण्यापूर्वी ती कोणाकडून मिळाली याविषयी सांगितलेली दोन वाक्ये. चहाचे पेले, मूल रडणे, खिडकीखालून जाणारी लोकल. कंपनीच्या ध्वनिमुद्रकाने हे सर्व दोष म्हणून पुसले असते. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र मैफल ही संस्था कशी चाले हे या दोषांतूनच कळते. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथातील सौंदर्यविचार वाचताना त्यामागील मैफलींचा अनुभव वाचकाला गृहीत धरावा लागतो. त्या काळच्या फिती ऐकणाऱ्याला तो काही प्रमाणात पडताळता येतो.

संग्रहांचे भवितव्य

मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने १९६९ नंतर स्वतंत्र ध्वनिसंग्रह उभा केला. अमेरिकन भारतविद्या संस्थेचे लोकसंगीतशास्त्रीय अभिलेखागार १९८२ मध्ये पुण्यात सुरू झाले, पुढे ते दिल्लीला व नंतर गुरुग्रामला गेले. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने कॅसेटच्या काळात ज्येष्ठ गायकांच्या मैफलींची मुद्रणे प्रकाशात आणली. या सर्वांनी मिळून जे वाचवले त्याहून अधिक घरांत पडून आहे.

तेथे त्याचा शत्रू हवामान आहे. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात फितीवर बुरशी धरते. १९७० च्या दशकातील काही फितींचा चिकटा दमटपणाने विरघळतो आणि फीत यंत्रात अडकते. तिला मंद उष्णतेत ठरावीक काळ शेकवून तात्पुरती वाजवता येते, आणि त्या अवधीतच अंकीय प्रत काढावी लागते. जुनी ॲसिटेटची फीत आंबूस वास सोडत ठिसूळ होते. मूळ स्पूल वाजवणारी सुस्थितीतील यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे कारागीर दोन्ही दुर्मीळ झाले आहेत. संग्राहकाच्या निधनानंतर घर बदलताना खोकी प्रथम माळ्यावर आणि मग भंगारात जातात.

महाविद्यालयांतील संगीत व इतिहास विभागांना येथे करण्यासारखे काम आहे, आणि ते खर्चिक नाही. वृद्ध संग्राहकांशी बसून प्रत्येक फितीची नोंद करून घेणे हे ते काम. मैफल कोणाच्या घरी, कोणत्या निमित्ताने, साथीला कोण, यंत्र कोणते, मुद्रणाला गायकाची संमती होती काय, फीत मूळ की प्रत, प्रत असल्यास कोणाकडून आली. अंकीय प्रत पुढे केव्हाही, कोणीही काढू शकेल, निदान फीत टिकली तर. या प्रश्नांची उत्तरे मात्र एकाच माणसाच्या स्मरणात असतात.

संमती नसलेल्या मुद्रणांचे काय करावे, याचे उत्तर सरधोपट देता येत नाही. ती नष्ट करणे हे अविचाराचे, आणि ती सर्वांसाठी मोकळी करणे हा कलावंताच्या नकाराचा अवमान. अभिलेखागारात येऊन ऐकता येतील पण प्रत मिळणार नाही, आणि वारसांना विचारल्याशिवाय प्रकाशन होणार नाही, ही मधली वाट सध्या सर्वांत न्याय्य दिसते. तिच्यात एक अट वाढवावी लागेल. नोंदवहीत फितीच्या नावापुढे ‘गायिकेच्या इच्छेविरुद्ध मुद्रित’ असे स्पष्ट लिहिलेले असावे, म्हणजे ऐकणाऱ्याला गाणे सुरू होण्यापूर्वी ते वाचावे लागेल.